मोरू रंगाऱ्याचा जाड हात

धाकट्या डहाणूच्या खाडीत एखादी बोट नव्या रंगाने पाण्यात उतरत असली, की नारळ फोडणारा, दोर ओढणारे आणि नुसतेच आरडाओरडा करणारे, अशा सगळ्यांच्या वाटेत एक किडकिडीत माणूस हमखास उभा असायचा. बोट त्याची नसायची. फोडलेल्या नारळाचं खोबरंही तो घ्यायचा नाही. तो फक्त बोटीच्या पोटाकडे टक लावून बघायचा. बोट तरंगली, आतून कोरडी राहिली, की हा मुकाट्याने घरी निघायचा. हा मोरू रंगारी. त्याला दोन शब्द बोलायचं कुणाच्या ध्यानात राहायचं नाही आणि मोरूला त्याचं काही वाटायचंही नाही.

मांगेल्याच्या, म्हणजे पिढीजात मासेमाराच्या, घरात जन्म घेऊन मोरूला बोट लागायची. ही गोष्ट गावाने त्याच्या लग्नापर्यंत चवीने चघळली. बापाने त्याला पुन्हा पुन्हा समुद्रावर नेऊन पाहिलं. जाळं ओढायची वेळ आली की हा कडेला ओणवा. माशांना चारा घालायला पोरगा आणलाय का, असं बरोबरचे खलाशी विचारायचे. शेवटी बापाने वैतागून त्याच्या हातात ब्रश दिला आणि सांगितलं, तू आपला बाहेरूनच राहा. तसा मोरू जन्मभर बोटींच्या बाहेरून राहिला.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, ते मोरूचे दिवस. झावळ्यांच्या आणि ताडपत्रीच्या आडोशाला तो जुना रंग खरवडायचा, पॉलिश पेपरने लाकूड घासायचा, फळ्यांच्या सांध्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा आणि मग ऑइल पेंटचे एकावर एक हात द्यायचा. नारळी पौर्णिमेच्या आधी बोटमालक यायचा आणि अंगठ्याचं नख सांध्यांवरून आडवं फिरवायचा. नख कुठे अडकलं तर तिथून पाणी शिरणार, असा हिशेब. अडकलं की पुन्हा खरवडायचं, पुन्हा हात. मोरूच्या बोटीवर नख अडकल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. एवढी एकच गोष्ट त्याच्यापाशी मिरवण्यासारखी होती आणि ती तो मनातल्या मनात भरपूर मिरवायचा.

पातळ रंगाचा त्याला तिटकारा होता. दिपक नावाचा एक रंगारी डब्यात रॉकेल ओतून रंग वाढवायचा. त्याने रंगवलेली एक बोट दिवाळीनंतर किनाऱ्यावर घेतली, तर तिचं पोट किड्यांनी खाऊन चाळणी झालेलं. तेव्हापासून पातळ रंग म्हणजे लबाडी, हे मोरूच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. डब्यात काडी उभी राहिली पाहिजे, असं तो म्हणायचा. त्याची बायको चंद्रावती बाजारात सुके बोंबील विकते. ती म्हणायची, “ह्यांच्या हाताची कढी खाल्ली तर तीसुद्धा सुरीने कापावी लागेल.”

घरची एकच बोट होती. मोरूच्या आईच्या नावाची, जयवंती. मोरूच्या बापाने ती चालवली आणि त्याच्यानंतर नातवाने, म्हणजे भाविकने. भाविक ह्या नवराबायकोचा एकुलता एक. आजोबाची सगळी लक्षणं नातवात उतरली होती. पाण्याचा रंग बघून तो मासळी सांगायचा. बापाला बोट लागते आणि मुलगा तांडेल होऊन सुकाणूला बसतो, ह्याचं गावाला हसू यायचं. मोरूला मात्र मान वर करून चालायला तेवढं पुरायचं. जयवंतीला तो दर वर्षी एक हात जास्तच द्यायचा, पोटच्या पोराला जेवताना आग्रह करावा तसा.

मग भाविकला रात्रीचं दिसेनासं झालं. एका पहाटे तो दुसऱ्याच्या जाळ्यावरून जयवंती घेऊन गेला. जाळ्याच्या तरंगत्या खुणांवरचे दिवे त्याला दिसलेच नव्हते. भांडण झालं, शिवीगाळ झाली, प्यायला होता म्हणून बोभाटा झाला. पोरगा दारूला शिवत नव्हता. चंद्रावती त्याला घेऊन वलसाडला डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी डोळ्यांच्या आतला पडदा वाळत चाललाय असं सांगितलं. दिसण्याचा घेर आवळत जाईल, आधी कडेचं जाईल, मग मधलं. औषध नाही, ऑपरेशन नाही. कधी जाईल? सांगता येत नाही.

घरी परत आल्यावर तिघांनी एक गोष्ट न ठरवता ठरवून टाकली. भाविकची नजर जाणार, हे तोंडाने कुणी म्हणायचं नाही. चंद्रावती ‘डोळ्यांचं’ म्हणायची. मोरू तेवढंही म्हणायचा नाही. भाविक गप्पच असायचा. मला विचाराल तर त्या घराचं सगळ्यात मोठं नुकसान डोळ्यांनी नाही, ह्या गप्प बसण्याने केलं. पण आपल्या घरात तरी आपण काय वेगळं करतो?

तांडेल बसला, मग बोटही बसली. जयवंती जुनी झालेलीच होती. दोन पावसाळे ती खाडीच्या चिखलात कलंडून राहिली आणि शेवटी मोडून टाकावी लागली. फळ्या कुणी कुणी नेल्या. एक धड फळी चंद्रावतीने उचलून आणली आणि बोंबील वाळत घालायच्या बांबूंना टेकू म्हणून लावली.

भाविकने ती फळी काढली. बोट मोडायच्या आधी त्याने तिचं माप घेऊन ठेवलं होतं, टोकापासून टोकापर्यंत, एकेक फळी. त्या लाकडातून तो जयवंतीची प्रतिकृती करायला बसला. फुटाला अर्धा इंच, असं प्रमाण धरलं. अशा छोट्या बोटी, विमानं, रणगाडे करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ मोबाईलवर असतात. ते तो नाकाला फोन लावून बघायचा. पुढे पुढे बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त. ओटीवर उजेडाला बसून त्याने बारीक पातीने फळ्या कापल्या, वाकवल्या, चिकटवल्या. दोन फळ्यांमध्ये सुईने रेघ कोरली. खिळ्यांच्या जागी टाचण्या ठोकून त्यांची डोकी वर ठेवली. दोऱ्याची वेटोळी करून दोर केले. नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाला, खरी जयवंती एकदा धक्क्यावर आदळली होती. तिथलं लाकडी ठिगळही त्याने बसवलं. वर्षानुवर्षं जाळ्याचा दोर ओढून काठाला खाच पडली होती, ती कोरली. सुकाणूचा दांडा आजोबाच्या आणि मग त्याच्या तळव्याने झिजून मधे बारीक झाला होता. काडीएवढ्या त्या दांड्यालाही त्याने तशीच झीज दिली.

काम करताना तो मधेच डोळे मिटायचा. बोट मांडीवर घेऊन अंगठा नाळेपासून मागे हळूहळू न्यायचा, कुठेतरी थांबायचा, सुईने रेघ आणखी खोल करायचा आणि पुन्हा डोळे मिटून अंगठा फिरवायचा. मोरू हे दारातून बघायचा. डोळे थकतात पोराचे, विश्रांती देतोय, असा सोयीचा अर्थ त्याने लावला. विचारलं असतं तर कदाचित उत्तर मिळालं असतं. पण विचारायचं म्हणजे ते डोळ्यांचं बोलणं आलं.

गणपती होऊन गेले, नवरात्र झालं. बोट पूर्ण झाली तेव्हा भाविकला समोरच्या माणसाचं फक्त नाक दिसत होतं. नाकावर नजर धरली की कान जायचे.

“बाबा, आता रंग,” तो म्हणाला.

मोरूची छाती भरून आली. पोराने आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याकडे काही मागितलं होतं. “दे इकडे,” तो म्हणाला, “अशी रंगवतो की बघत राहशील.”

म्हणून झाल्यावर त्याने जीभ चावली. भाविक हसला.

“ब्रशने नको पण,” भाविक म्हणाला. “एअरब्रशने मारू. पेनासारखी नळी असते, मागून हवा येते, धुक्यासारखा रंग बसतो. ते व्हिडिओवाले सांगतात.”

“मी काय गाड्यांना डेंट काढणारा आहे? फवारे मारायला?”

“मग ब्रशने मार, पण पातळ मार. बाबा, एकदम पातळ.”

“पातळ कशाला? तुझी बोट काय लग्नाच्या फोटोपुरती आहे?”

 चंद्रावती चुलीपाशी बोंबील भाजत होती. तिचा हात थांबला. भाविक एवढंच म्हणाला, “तू वाणगावला हर्षदाला भेट. ती दोन्ही वापरते. तिला विचार.”

हर्षदा भाविकच्या वर्गातली. वाणगावला तिचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. मोरू गेला तेव्हा पुढच्या वर्षीचे पांढरेफटक गणपती फळ्यांवर ओळीने बसले होते. तिने काकांना चहा पाजला, भाविकची चौकशी केली, आणि काका काय विचारायला आलेत हे ऐकून मनापासून समजावायला बसली.

“काका, नवीन माणसाने खरं तर ब्रशनेच सुरुवात करावी,” ती म्हणाली. “चुकलं तर पुसता येतं, जिथे पाहिजे तिथेच रंग लागतो. एअरब्रशला शिकावं लागतं. रंग किती पातळ, हवा किती, नळी किती लांब धरायची. आणि मारायला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट धुवायला. मी अंगाचा रंग एअरब्रशने मारते आणि डोळे ब्रशने काढते. पण काका, एक बराबर ध्यानात ठेवा. कशानेही मारा, रंग दुधासारखा पातळ पाहिजे. लहान वस्तूवर जाड रंग बसला की सगळं भरून जातं. हे बघा.”

तिने एक उंदीर दाखवला. कुणा नव्या कामगाराने रंगवलेला. त्याच्या पंज्यांची बोटं रंगात बुडून पायांचे नुसते गोळे झाले होते. मोरू हसला. ह्याला मोजे घातलेत, म्हणाला. हर्षदाही हसली. तिने आपला जुना एअरब्रश आणि हवेचं लहान यंत्र पिशवीत घालून दिलं, वापरून तरी बघा म्हणून.

माणूस सल्ला ऐकतो तेव्हा त्यातला आपल्याला हवा तेवढाच तुकडा खिशात घालून घरी नेतो. मोरूने नेला तो ‘नवीन माणसाने ब्रशनेच करावी’ हा. तरी वस्तू आणली आहे तर न्याय द्यावा म्हणून त्याने यंत्र सुरू केलं आणि नळीवरच्या वाटीत आपला ऑइल पेंट घातला, डब्यातला, जसाच्या तसा, काडी उभी राहणारा. यंत्र घोंगावलं. नळीने एक उचकी दिली, जुन्या कागदावर निळी थुंकी टाकली आणि श्वास सोडला. मोरूने पुन्हा चालू केलं. पुन्हा उचकी.

“रंग पातळ केला का?” आतून भाविकने विचारलं.

“पाणी पिणाऱ्या यंत्राला मी काय करू?” मोरू म्हणाला. मनातून त्याला बरं वाटलं होतं. जगात अजून ब्रशशिवाय चालत नाही.

त्याने बोट हातात घेतली आणि उजेडात धरून नीट बघितली. आणि त्याचं काळीज गलबललं. फळ्यांचे सांधे उघडे होते. एकेका रेघेत नख जात होतं. खिळ्यांची डोकी वर राहिलेली, काठाला खाच पडलेली, नाळेपाशी एक तुकडा वर आलेला. किती झटला पोरगा, पण दिसत नाही त्याला बिचाऱ्याला. मोरूला वाटलं ते हे. हे त्याला सांगायचं नाही, त्याच्या जिव्हारी लागेल, गुपचूप नीट करून द्यायचं. बापाच्या मायेला त्या दिवशी जे काही सुचलं ते सगळं उलटं सुचलं, आणि त्याला आवरणारं कुणी नव्हतं.

तो बोट घेऊन मागच्या पडवीत बसला. आधी पॉलिश पेपर. वर आलेलं ठिगळ घासून सपाट केलं. टाचण्यांची डोकी घासून लाकडाच्या बरोबरीला आणली, नाहीतर गंज धरतो. जाळ्याच्या दोराची खाच खऱ्या जयवंतीवरही तो दर वर्षी बुजवायचा आणि दोर ती वर्षभरात पुन्हा पाडायचा. इथे दोर नव्हता. खाच लांबीने बुजली ती बुजलीच. मग सुईच्या रेघा. लांबीचा गोळा बोटावर घेऊन त्याने एकेक रेघ अंगठ्याने दाबून भरली. पुन्हा घासली. सुकाणूचा दांडा मधे बारीक झालाय म्हणून त्यावरही लेप दिला. चंद्रावती एकदा डोकावली.

“हे सगळं भरून टाकताय का?”

“सांधे उघडे ठेवून रंग देतात का कुणी?” मोरू म्हणाला. तिला रंगाचं काय कळतं, ती बोंबलांकडे गेली.

मग पहिला हात. पोटाला निळा, वर पांढरा, काठाला लाल पट्टी. हवेत दमटपणा होता, रंग वाळायला वेळ घेत होता आणि इकडे मोरूला घाई झाली होती. पोराने ती रंगवलेली बघितली पाहिजे, नजर आहे तोवर. पातळ हात देत बसलं तर किती दिवस जातील! एकच जाड हात तीन पातळ हातांचं काम करतो, असं स्वतःशी म्हणत त्याने दुसराही तसाच जाड दिला. आणि जयवंतीला नेहमी एक हात जास्त असतो, म्हणून तिसरा.

रोज सकाळी भाविक विचारायचा, “झाली?”

“वाळतेय.”

“पातळ मारलायस ना?”

“अरे हो रे बाबा.” हे खोटं बोलताना मोरूला काहीच वाटलं नाही. सणाला कपडे शिवून आणलेला माणूस पोराला सांगतो ना, काही नाही आणलं म्हणून, तसलंच ते खोटं आहे असं त्याला वाटत होतं.

एका सकाळी अंगणात बोंबील वाळत होते, ऊन डोळ्यांत घुसत होतं. भाविक दाराशी आला, चौकटीला धरून उभा राहिला आणि म्हणाला, “आई, आभाळ आलंय का?”

चंद्रावतीच्या हातातली टोपली तशीच राहिली. तिने उन्हाकडे बघितलं, पोराकडे बघितलं.

“हो,” ती म्हणाली. “आलंय थोडं.”

पडवीत मोरूने हे ऐकलं. ब्रश त्याच्या हातात होता, नाळेवर ‘जयवंती’ लिहायचं राहिलं होतं. तो तिथेच बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला, तोंडात पंचा कोंबून, आवाज जाऊ नये म्हणून. उशीर झाला होता. त्याने धावपळ केली, तरी नजर त्याच्या आधी निघून गेली होती.

भाविक मात्र शांत होता. आभाळ निवळलं नाही हे त्यालाही दोन दिवसांत कळलं असणार. तो आपणहून ओटीवर येऊन बसायला शिकला, भिंतीवरून हात फिरवत. मग एके दुपारी म्हणाला, “बाबा, वाळली असेल आता. दे.”

मोरूच्या जिवात जीव आला. डोळे नाहीत, पण हात आहेत पोराला. हाताने बघेल. त्याने बोट पंच्याने पुसली आणि द्यायच्या आधी, सवयीने, अंगठ्याचं नख तिच्या अंगावरून आडवं फिरवलं, नाळेपासून सुकाणूपर्यंत. कुठेही अडकलं नाही. इतकी सफाई त्याच्या हातून आजवर कुठल्याही बोटीवर उतरली नव्हती.

“घे,” तो म्हणाला, आणि समोर उकिडवा बसला.

भाविकने बोट मांडीवर घेतली. चेहऱ्यावर हसू होतं. त्याने अंगठा नाळेवर ठेवला आणि मागे न्यायला सुरुवात केली. अंगठा सरकला. त्याने तो उचलला, पुन्हा नाळेवर ठेवला, पुन्हा सरकला. मग दुसऱ्या बाजूने. मग काठावरून बोटं फिरवली, एकदा, दोनदा. सुकाणू चाचपलं. हसू हळूहळू कमी झालं. त्याने बोट दोन्ही हातांनी उचलून मोरूच्या दिशेने पुढे केली.

“ही नाही, बाबा,” तो म्हणाला. “आपली दे.”

मोरूला आधी कळलंच नाही. “हीच ती,” तो म्हणाला. “जयवंती. मी रंगवली ना.”

भाविकने पुन्हा बोट जवळ घेतली. आता त्याची बोटं घाई करत होती, नखं लावून शोधत होती. ठिगळ जिथे होतं तिथे ती जास्त वेळ थांबली. मोरू त्या बोटांकडे बघत होता. आणि पोरगा डोळे मिटून काय करत बसायचा, सुईने रेघा खोल का करायचा, पातळ मार म्हणून का विनवायचा, ते सगळं त्याला एकदम कळलं. ते उघडे सांधे नव्हते. पोराने पुढच्या आयुष्यासाठी जयवंती आपल्या बोटांना वाचता येईल अशी लिहून ठेवली होती, आणि बापाने ती पुसून टाकली होती. गुळगुळीत करून.

“छान झालीय,” भाविक म्हणाला. किती सांभाळून म्हणाला! “एकदम गुळगुळीत.” बोट त्याने बाजूला ठेवली.

मोरू ती उचलून पडवीत पळाला. आयुष्यात कधी नाही तो थिनरचा डबा त्याने गावातून आणला, फडकं भिजवलं आणि नाळेपाशी घासायला लागला. लाल, पांढरा, निळा, सगळे रंग एकात एक कालवून निघायला लागले. त्याखालून लांबी मऊ होऊन भुगा भुगा निघाली. तो घासत राहिला, हात सोलवटले तरी. शेवटी लाकूड लागलं. लाकडावर काही नव्हतं. ठिगळ त्याने रंगाच्या आधीच घासून काढलं होतं. टाचण्यांची डोकी घासून गेली होती. लांबी ओरबाडून निघताना मऊ लाकडाचे काठ घेऊन निघाली होती आणि रेघांच्या जागी फिकट डाग तेवढे उरले होते. चंद्रावती दारात उभी राहून बघत होती.  ती ओरडली असती तर मोरूला बरं वाटलं असतं.

भाविक भिंतीला धरत धरत पडवीत आला आणि बापाशेजारी बसला. त्याने हात लांब केला, मोरूने बोट त्यावर ठेवली. उघडं, ओलं लाकूड.

“माझ्या हातून झालं,” मोरू म्हणाला. “मला वाटलं, तुझ्याकडून राहिलंय. मला वाटलं...” 

“असू दे.”

“परत कोरू. तू सांग, मी कोरतो. जसं सांगशील तसं.”

भाविकने ओल्या लाकडावरून तळवा फिरवला. मग म्हणाला, “माझ्या डोक्यात आता सगळं एकमेकांत मिसळतंय, बाबा. कागदावर नुसती फळ्यांची मापं आहेत. बाकीचं ह्या बोटीवर ठेवलं होतं, म्हणून लक्षात ठेवायचं सोडून दिलं होतं. पण तू तर तिला जन्मभर रंगवलीस. एकेका फळीवरून तुझा हात फिरलाय.” त्याने अंगठा नाळेवर टेकवला आणि वाट बघत म्हणाला, “तू सांग. ठिगळ इथून कितव्या फळीवर होतं? खाच कुठे होती?”

मोरूने डोळे मिटले. जयवंती त्याच्यापुढे उभी राहिली, किनाऱ्यावर, ताडपत्रीखाली, ओल्या रंगाने चकाकणारी. तिच्यावर एकही फळी दिसत नव्हती. सांधा दिसत नव्हता, खिळा दिसत नव्हता, खाच दिसत नव्हती. दर वर्षी त्याने स्वतःच्या हाताने ते सगळं बुजवलं होतं, आणि बुजवून झाल्यावरच ती डोळे भरून बघितली होती.

“बाबा?”

“निळी होती,” मोरू म्हणाला.

भाविकचा अंगठा नाळेवर तसाच टेकलेला होता.